मार्गदर्शन लाभले

जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही दैनिकाची जिल्हा पुरवणी उघडावी. श्रद्धांजली आणि दुचाकीचोरी यांच्या मधल्या जागेत एक फोटो हमखास सापडतो. फोटोत एक बादली असते. बादलीभोवती एकसारखे टी-शर्ट घातलेली सहा-आठ मुलं, त्यांच्या मागे फ्लेक्स आणि मुलांच्या पुढे, अगदी बादलीला खेटून, सरपंच, उपसरपंच आणि पोलीस पाटील. बादलीत काय आहे ते कळत नाही, कारण सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. कडेला उभा असलेला एक म्हातारा तेवढा बादलीकडे बघतो. बादली बहुधा त्याची असते.

वर मथळा असतो, 'कृषिदूतांनी दिले बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक'. मुली असतील तर 'कृषिकन्यांनी'. खालची बातमी एकाच साच्यातून निघते. पहिल्या वाक्यात प्रात्यक्षिक उरकतं. दुसऱ्या वाक्यापासून उपस्थितांची नावं सुरू होतात, मग मुलांची नावं, आणि शेवटी 'प्राचार्य, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी व विषयतज्ज्ञ यांचे मार्गदर्शन लाभले'. बोर्डो मिश्रणाच्या वाट्याला दीड ओळ आलेली असते. मोरचूद किती, चुना किती, हे ज्याला हवं असेल त्यानं दुकानदाराला विचारावं. मान्यवराचं नाव मात्र एकही सुटलेलं नसतं, आणि सुटलंच तर बातमीदाराला सकाळी सातलाच फोन येतो.

कृषिदूत म्हणजे बी.एस्सी. ॲग्रीच्या चौथ्या वर्षाची मुलं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून ती सातव्या सत्रात खेड्यावर पाठवली जातात. कागदोपत्री या प्रकाराला 'ग्रामीण कृषी जागरूकता व कृषी औद्योगिक जोड कार्यक्रम' म्हणतात. एवढं नाव फ्लेक्सवर बसवलं की गावाच्या नावाला जागा उरत नाही, म्हणून मुलं नुसतं 'रावे' म्हणतात. "रावेला कुठलं गाव आलं?" हा होस्टेलवरचा त्या महिन्यातला सर्वांत मोठा प्रश्न. त्यात गावाची पीकपद्धती वगैरे कुणाच्या डोक्यात नसते. रेंज आहे का आणि मुक्कामी एसटी येते का, एवढंच विचारायचं असतं.

इंटर्नशिप बाकीच्यांनाही चुकलेली नाही. एमबीबीएसवाला वर्षभर वॉर्डात राबतो. सीएचा आर्टिकल २०२३ पासून दोन वर्षं बॉक्स फाइली उचलतो, आधी तीन उचलायचा. वकिलीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी २० आठवड्यांची इंटर्नशिप लावली आहे आणि वर काळा कोट, काळा टाय हा पोशाखही नेमून दिला आहे. पण या सगळ्यांना निदान एक दार असतं, दारावर पाटी असते आणि आत एकच साहेब असतो. कृषिदूताचं ऑफिस म्हणजे अख्खं गाव, आणि जेवढे सातबारे तेवढे साहेब.

योगायोग असा की रावेही वीसच आठवड्यांची. एक आठवडा माहितीचा, आठ गावात, पाच संशोधन केंद्रावर किंवा कृषी विज्ञान केंद्रात, दोन वनस्पती रोग-कीड चिकित्सालयात, तीन एखाद्या कारखान्यात किंवा कंपनीत, आणि शेवटचा अहवाल नि तोंडी परीक्षेचा. १९९२ च्या रंधावा समितीनं या कार्यानुभवाची शिफारस केली. शेतीच्या पदवीधराचे पाय पदवीआधी एकदा तरी चिखलात भरलेले असावेत, असा साधा हेतू. २०१५ मध्ये पाटण्याला पंतप्रधानांच्या हस्ते 'स्टुडंट रेडी' योजना सुरू झाली, तिच्या पोटात हे सगळं गेलं आणि विद्यावेतन महिना ३,००० रुपये ठरलं. खुरपणीला जाणारी बाई एवढे पैसे पंधरवड्याच्या आत मिळवते. ती हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतेही.

गावात आल्यावर प्रत्येकाला एक यजमान शेतकरी मिळतो. यजमान प्रगतिशील असावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो डांबरी रस्त्यालगत राहणारा आणि घरात जादा खोली असलेला असतो. पहिल्या संध्याकाळी ओट्यावर मुलांची तोंडी परीक्षा होते. महाविद्यालयातल्या परीक्षेपेक्षा ही अवघड.

"कुठलं गाव तुमचं? कुणापैकी?"

हे सोपं असतं. मग, "घरी शेती किती?" इथे निम्मी मुलं अडखळतात. आणि मग तिसरा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. "मग एवढं शिकून शेती करणार का?"

कुणी एमपीएससी म्हणतं, कुणी बँकेतला कृषी अधिकारी, कुणी खत कंपनी. यजमान मान डोलावतो. त्याचा स्वतःचा मुलगा पुण्यात एमपीएससीच करत असतो.

आता वेळापत्रकाची गंमत. मृग नक्षत्र निघतं ७ जूनच्या आसपास आणि पाऊस नीट झाला तर जून संपेपर्यंत सोयाबीन जमिनीत जातं. सातवं सत्र सुरू होऊन मुलं गावात पोहोचतात तेव्हा बऱ्याचदा जुलै निम्मा झालेला असतो. यादीत पहिलं प्रात्यक्षिक असतं बीजप्रक्रियेचं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम मुलांना घोटून पाठ असतो आणि तो बरोबरही असतो.

"पोरांनो, सोयाबीन वीतभर झालं की. आता कशाला चोळायचं?"

"काका, फोटोपुरतं."

काका सज्जन असतात. घरातलं दोन किलो सोयाबीन ते आणून देतात. ताडपत्री अंथरली जाते, हातमोजे चढतात, बियाण्याला गुलाबी औषध चोळलं जातं, फोटो निघतो. मग लक्षात येतं की औषध लावलेलं हे बियाणं आता पेरायलाही उशीर झाला आणि भरडायची तर सोयच नाही. काकू काही बोलत नाहीत. पण त्या रात्री मुलांच्या आमटीत मीठ थोडं जास्त पडतं.

बोर्डो मिश्रणाची मात्र वेळ साधलेली असते, कारण बुरशीची सुगी पावसाळ्यातच. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून तिसऱ्यात एकाच वेळी ओतायचं. मग लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. त्यावर तांबूस रंग चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, म्हणजे चुन्याची निवळी आणखी घालायची, नाहीतर पानं करपतात. हा सगळ्यात देखणा भाग. पोरंटोरं पुढे सरकतात, खिळा वर येतो, आणि बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगाला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडतात. पथ्य एकच, मिश्रण लोखंडी भांड्यात करायचं नाही, प्लास्टिकच्या पिंपात करायचं. कारण जे खिळ्याचं होतं तेच भांड्याचं होतं. फोटोतली बादली पत्र्याची असते. तो म्हातारा बादलीकडे का बघत होता, हा उलगडा इथे होतो.

या मिश्रणाचा जन्म मुलांना परीक्षेपुरता माहीत असतो, पण त्यातली मजा कुणी सांगत नाही. फ्रान्सच्या बोर्डो भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत, ते रोगासाठी नव्हे, चोरांसाठी. निळे डाग पडलेल्या घडाला येणारा-जाणारा हात लावत नसे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ मध्ये तिथून चालले असताना त्यांना दिसलं की आतल्या वेली डाऊनी रोगानं झडल्यात आणि रस्त्याकडच्या वेलींना पानंच्या पानं आहेत. त्यांनी चौकशी केली, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाशिकच्या बागायतदारापर्यंत पोहोचलेलं हे बुरशीनाशक एक प्राध्यापक शेतकऱ्याच्या बांधावर थांबला म्हणून सापडलं. तिथे कुणाचं मार्गदर्शन कुणाला लाभलं, याचा फ्लेक्स झाला नाही.

साडेदहाला सुरू झालेलं प्रात्यक्षिक साडेअकराला संपतं आणि तोवर या इंटर्नशिपचा पुरेपूर लाभ सगळ्यांनी घेतलेला असतो. फ्लेक्सवाल्याचं बिल निघालेलं असतं. बातमीदाराला तयार मजकूर नि फोटो व्हॉट्सॲपवर आलेला असतो. सरपंचांचा पेपरात फोटो पक्का झालेला असतो. महाविद्यालयाच्या फाइलीत एक कात्रण वाढणार असतं. शेतकऱ्याला बादली परत मिळालेली असते. उरला विद्यार्थी. त्याच्या वहीत 'प्रात्यक्षिक क्र. ४, पूर्ण' एवढी नोंद झालेली असते, आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असतो. रेंज नाही, एसटी संध्याकाळी. सगळ्यांनी आपापला वाटा उचलल्यावर हा जो रिकामा दिवस मागे राहतो, त्यावर हक्क सांगणारं दुसरं कुणी नसतं. विद्यार्थ्याच्या पदरात काय पडायचं ते याच दिवसात पडतं, आणि निम्मी मुलं त्या दिवशी झोपा काढतात.

न झोपणाऱ्यांच्या नशिबी गावनकाशा येतो. 'सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन' या नावाखाली गावाचा नकाशा गावकऱ्यांच्याच मदतीनं जमिनीवर काढायचा, अशी पद्धत आहे. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं तिचा जगभर प्रसार केला. गावाला सगळं माहीत असतं, तज्ज्ञानं गप्प बसून ऐकावं, एवढंच तिचं सार. आपल्याकडे हा नकाशा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढे रांगोळीनं काढतात. कृषिकन्यांचा नकाशा रेखीव असतो, कृषिदूतांच्या नकाशातला ओढा जरा जाड येतो. पिवळा रस्ता, निळा ओढा, हिरवी शेतं, लाल छपरं. कुणी मुद्दाम बोलावलेलं नसतं, तरी दहा मिनिटांत पन्नास माणसं गोळा होतात.

"आमचं घर एवढंसं? आणि त्याचं एवढं?"

घर मोठं करून दिलं जातं. मग शेजाऱ्याचंही वाढवावं लागतं. पाऊण तासात गावठाण शिवारापेक्षा मोठं होतं. तेवढ्यात काठी टेकत एक आबा येतात.

"ए पोरा, वढा इथनं नाय जात."

"आबा, गुगल मॅपवर असाच दिसतोय."

"गुगल आला होता का पावसाळ्यात?"

आबा खाली बसतात आणि काठीच्या टोकानं ओढा खोडून नवा काढतात. ओढा पूर्वी देवळामागून जायचा. बहात्तरच्या दुष्काळात वरच्या अंगाला नालाबांधाचं काम निघालं, अर्धं गाव तिथे खडी फोडत होतं, पोरांना सुकडी मिळायची, त्या कामानंतर पाण्यानं वाट बदलली. आबांना त्या मुकादमाचं नावही आठवतं. मुलांनी मृदसंधारणाचा पेपर आधीच दिलेला असतो, पण नालाबांधामुळे कुणाची विहीर जिवंत झाली आणि कुणाचं वावर खरवडून गेलं, हे त्यात नव्हतं. एक मुलगी भराभरा लिहून घेते. बाकीचे रांगोळी वाचवायच्या मागे लागतात, कारण वाद आता बांधावर आलेला असतो.

रांगोळीची पांढरी रेघ ही आपल्या आणि भावकीच्या शेतामधली हद्द आहे, हे एका तात्यांना कळतं. तात्या चप्पल काढतात आणि अंगठ्यानं ती रेघ दोन बोटं पलीकडे सरकवतात. पलीकडची पार्टी तिथेच उभी असते. "मोजणी झालीय, मोजणी!" "कधी झाली? आम्हाला नोटीस होती का?" दहा रुपयांच्या रांगोळीनं दिवाणी दावा उभा राहू शकतो, हे कृषी विस्तार विभागाच्या पुस्तकात नाही. शेवटी मास्तर येऊन शाळा सुटायची घंटा देतात.

याच पद्धतीत वर्तुळांचा एक खेळ असतो. गावाच्या जीवनात ज्या संस्थेचं महत्त्व जास्त, तिचं वर्तुळ मोठं. जी जवळची वाटते ती मध्याशी, जी परकी ती लांब. कागदाची गोल वर्तुळं कापून मुलं गावकऱ्यांच्या हाती देतात. सोसायटी, बँक, दूध डेअरी आपापल्या जागी बसतात. ग्रामपंचायत सरपंच हजर असल्यामुळे मध्यावर जाते. पण सगळ्यात जवळ आणि सगळ्यात मोठं वर्तुळ ठेवलं जातं ते तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राचं, म्हणजे खत-औषधाच्या दुकानाचं. हा दुकानदार सकाळी आठ ते रात्री आठ भेटतो, उधार देतो, आणि पान दाखवलं की बाटली देतो. सरकारनंही हे कधीच ओळखलंय. हैदराबादच्या मॅनेज या संस्थेनं २००३ मध्ये दुकानदारांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली ती यासाठीच, की सल्ला तोच देणार असेल तर निदान बरा द्यावा. मुलांच्या हातात मग एकच वर्तुळ उरतं, कृषी विद्यापीठाचं. ते कुठे ठेवायचं विचारल्यावर एक जण शाळेच्या फाटकाकडे बोट दाखवतो.

हा शेरा नव्हे, मोजमाप आहे, आणि विद्यापीठाला फुकट मिळालेलं. अहवालात ते वर्तुळ पुन्हा मध्याशी आलेलं असतं.

गाव मुलांकडे शेतीचा सल्ला मागत नाही, याचा अर्थ काहीच मागत नाही असा नव्हे. गावाला त्यांचा मोबाइल हवा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर आपलं पीक आपणच ॲपमधून नोंदवायचं. त्यासाठी शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो आणि गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती लांब आहोत तेही ॲप सांगतं. कृषिदूत त्याचं प्रात्यक्षिक देतात, आणि हे एकच प्रात्यक्षिक असं असतं की ज्याला फोटो झाल्यावर गर्दी वाढते. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर रांग लागते. पीक पाहणी झाली की पीएम किसानची केवायसी, मग वीजबिल, मग पीकविम्याची पावती, आणि आठवड्याभरात पुतण्याचा लग्नाचा बायोडाटा. त्यात 'व्यवसाय' या रकान्यात शेती लिहू नको, असं पुतण्याची आई चारदा बजावून जाते.

हे काम अहवालात धरलं जात नाही. पण एका गावात किती जणांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, किती बहिणींची नावं हक्कसोडपत्रानं उडाली, कुणाच्या नावावर विहीर आहे आणि ती जमिनीवर कुठे नाही, हे बायोडाटे टाइप करणाऱ्या पोराला जितकं कळतं तितकं तलाठ्याच्या खालोखाल त्यालाच.

बसून राहण्यातही फायदा असतो, याचा एक जुना दाखला आहे. १९२५ च्या डिसेंबरात जेआरडी टाटा बॉम्बे हाउसमध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून लागले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. वडिलांनी त्यांना खातं दिलं नाही, खुर्ची दिली, तीही जॉन पीटरसन या मुरलेल्या अधिकाऱ्याच्या खोलीत. पीटरसनकडे येणारा आणि त्याच्याकडून जाणारा कागद आधी या पोराच्या टेबलावरून जाणार, एवढीच व्यवस्था. पोरानं कागद वाचले. मालकाच्या मुलाला अशी खुर्ची मिळते, इतरांना मिळत नाही, हे खरंच आहे. पण गावात ही खुर्ची मोकळी पडलेली असते, दूध डेअरीवर.

पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला गावातलं प्रत्येक घर तिथून जातं. दूध मापात पडतं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ ही भावाची रेघ. आकडा तिच्या खाली घसरला की पैसे कापले जातात, आणि कापल्या पैशांची कारणमीमांसा तिथल्या तिथे सुरू होते. सरकी पेंड महागली, मका अजून आला नाही, गाय गाभण आहे, यंत्रच खोटं आहे. संकरित गायींच्या आहाराचा पेपर प्रथम श्रेणीत सुटलेला मुलगा आठवडाभर तिथे कट्ट्यावर बसला तर त्याला समजतं की चाऱ्याचं सूत्र ठरवतो तो पशुआहारतज्ज्ञ नसून पेंडीची उधारी आहे. पावत्या वाचायला डेअरीचा सचिव हरकत घेत नाही. उलट मदतनीस मिळाला म्हणून चहा पाजतो.

कृषिकन्यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि खरं तर जास्त पिकाची. त्यांचं प्रात्यक्षिक पारावर अकरा वाजता असतं. त्या वेळी पारावर पुरुष असतात, कारण बायका शेतात कामाला गेलेल्या असतात. म्हणजे टोकण कशी करावी हे जन्मात टोकण न केलेल्यांना सांगितलं जातं आणि ते टाळ्याही वाजवतात. संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर काकू सहज बोलून जातात की बियाण्याची उगवण त्यांनी मे महिन्यातच बघितली होती. शंभर दाणे, ओलं गोणपाट, गुंडाळी, आठवडाभरानं मोजणी. हुबेहूब विद्यापीठाच्या पत्रकातली चाचणी. सत्तरच्या वर उगवले तर ठीक, कमी असतील तर पेरताना बियाणं वाढवायचं, हेही ठरलेलं. काकूंनी पत्रक वाचलेलं नसतं, सासूकडून घेतलेलं असतं. शहाणी मुलगी त्याच रात्री वही काढते आणि दुसऱ्या दिवसापासून अकराचं प्रात्यक्षिक सातला, अंगणात ठेवते. सरपंच येत नाहीत. त्यामुळे बातमीही येत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता कृषीचे विद्यार्थी त्यांच्या अंगणात वही घेऊन बसतात. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावी, नागभीड तालुक्यात, दादाजी खोब्रागडे होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम. १९८० च्या दशकात धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि बारीक दाण्याचा, सुवासिक तांदूळ तयार केला. त्या काळात मनगटावर एचएमटीचं घड्याळ म्हणजे मोठी शान होती, म्हणून तांदळाला नाव पडलं एचएमटी. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यातूनच पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला. श्रेय कुणाचं, यावर बरंच लिहिलं-बोललं गेलं. २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हा एचएमटी देशभराच्या ताटांत होता आणि खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना घड्याळाखेरीज दुसरा संदर्भ ठाऊक होता.

मग येतो अहवाल. स्पायरल बायंडिंग, दोनशे पानं, पुढे यजमानाचा फोटो. यातल्या 'शेतकऱ्याचे वार्षिक उत्पन्न' या रकान्यावर मुलांचा जीव अडतो.

"काका, उत्पन्न किती लिहू?"

"कुणाला दाखवायचंय? बँकेला की सरकारला?"

"कॉलेजला."

काका विचारात पडतात. कॉलेजसाठीचा आकडा त्यांनी कधी काढलेला नसतो. काही मुलं मात्र काकांना त्रास देत नाहीत. मागच्या बॅचची फाइल पेन ड्राइव्हवरून येते, गावाचं नाव एका कळीवर सगळीकडे बदलतं, आणि परीक्षकांसमोर असं गाव उभं राहतं की ज्याची लोकसंख्या एका तालुक्यातली, नदी दुसऱ्या तालुक्यातली आणि पर्जन्यमान भलत्याच जिल्ह्यातलं. परीक्षक मुरलेले असतात. ते फक्त विचारतात, "तुमच्या यजमानाच्या गायीचं नाव काय?" रकान्यात नसलेला हा एकच प्रश्न दोनशे पानांचा निकाल लावतो. जो गावात राहिला त्याला उत्तरासाठी क्षणभरही लागत नाही, आणि पाठोपाठ तो गाय कधी विणार तेही सांगून टाकतो.

डिसेंबरात मुलं परततात, जूनमध्ये पदवी होते, बरीचशी पुण्यात सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांत जाऊन बसतात. यजमानाकडे त्यांचा नंबर मात्र राहतो. एका सकाळी साडेसहाला फोन वाजतो. आधी व्हॉट्सॲपवर एक धूसर पान आलेलं असतं, त्यावर अर्धा अंगठा.

"हॅलो, ओळखलं का? काका बोलतोय. पानावर डाग पडलेत, काय मारू?"

पोरगा खडबडून उठतो. तो राज्यघटनेची मूलभूत कर्तव्यं पाठ करत झोपलेला असतो.

"काका, डाग पानाच्या खालच्या बाजूनं आहेत का? आणि मागच्या आठवड्यात काय मारलं होतं?"

"थांब, बघून सांगतो."

फोन चालू ठेवून काका वावरात जातात. वाऱ्याचा आवाज, चिखलात बूट, कुत्रं. चार मिनिटांनी ते परत येतात. डाग वरूनच आहेत, आणि मागच्या आठवड्यात दुकानदारानं दोन बाटल्या एकत्र मारायला सांगितल्या होत्या, भर उन्हात.

"काका, तो रोग नाही, औषधानं करपलंय. काही मारू नका. पंधरा दिवस थांबा."

पलीकडे शांतता. मग काका विचारतात, "काहीच नको? मग पावती कशाची दाखवू सोसायटीला?"